डोळे मिटा, बोट ठेवा

कुष्ठरोगाच्या तपासणीला फारसं काही लागत नाही. दिवसाचा उजेड लागतो, टोकाशी पिळलेला कापूस लागतो आणि एक साधं बॉलपेन. रोग्याचे डोळे उघडे असताना आधी त्याला कापूस टेकवून दाखवायचा, म्हणजे काय होणार आहे ते त्याला कळतं. मग म्हणायचं, "आता डोळे मिटा. लागेल तिथे बोट ठेवा." कापूस घासायचा नाही, नुसता टेकवायचा. एकदा अंगावरच्या फिकट चट्ट्याबाहेर, एकदा आत, परत बाहेर. बाहेर टेकवला की बोट नेमकं त्या जागी येतं. आत टेकवला की माणूस तसाच डोळे मिटून वाट बघत राहतो. चट्टा बधिर असतो; त्या वाट बघण्यातच निदान झालेलं असतं.

यात एकच चूक पुन्हा पुन्हा होते. तपासणारा घाईत असतो आणि प्रत्येक वेळी "कळतंय का?" असं विचारतो. माणूस भिडस्त असतो, घाबरलेला असतो, आणि हा रोग निघू नये असं त्याला मनापासून वाटत असतं. तो दरवेळी "हो" म्हणतो. म्हणून विचारायचं नाही, बोट ठेवायला सांगायचं. दुसरी चूक कपड्यांची. चट्टा कपाळावर असला तर शेजारीही ओळखतो, पण पाठीवरचा आणि कुल्ल्यावरचा चट्टा माणसाला स्वतःलाही दिसत नाही. पूर्ण अंग तपासलं नाही तर रजिस्टरमध्ये 'निरोगी' असं लिहून आपण रोगी घरी पाठवलेला असतो.

पाकिस्तानात कुष्ठरोगाचं काम उभं करणाऱ्या जर्मन डॉक्टर आणि धर्मभगिनी रूथ फाऊ यांच्याबद्दल मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, ते कराचीतल्या एका वस्तीपाशी सुरू होतं आणि 'करुणा' या शब्दापाशी संपतं. करुणा होतीच. पण करुणेच्या भांडवलावर एखादा दवाखाना उभा राहतो, देशभर पसरलेली १५७ केंद्रं नाही. त्यासाठी कापूस कसा टेकवायचा हे शेकडो माणसांना शिकवावं लागतं, ती माणसं डोंगरात पाठवावी लागतात आणि त्यांनी भरलेली रजिस्टरं दर महिन्याला तपासावी लागतात. या बाईंचं मोठेपण मला त्या रजिस्टरात जास्त दिसतं.

रूथ काथरिना मार्था फाऊ यांचा जन्म ९ सप्टेंबर १९२९ चा, लाइपझिगचा. जर्मन भाषेत 'फाऊ' म्हणजे मोर. युद्धानंतर लाइपझिग रशियनांच्या ताब्यातल्या भागात गेलं. तिथून त्या पश्चिमेकडे निसटल्या, माइन्झ आणि मारबुर्गला डॉक्टरी शिकल्या, १९५३ मध्ये कॅथलिक झाल्या आणि १९५७ मध्ये एका धर्मसंघात दाखल झाल्या. हा संघ समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. त्याचं नाव 'मरियेच्या हृदयाच्या कन्या'. स्थापना १७९० ची, म्हणजे ऐन फ्रेंच राज्यक्रांतीतली. मठ बंद होत होते, धर्मवस्त्रं घालून रस्त्यावर फिरणं धोक्याचं झालं होतं. मारी आदेलाइद द सिसे आणि येशूसंघी फादर क्लोरिव्हिएर यांनी यावर तोड काढली. मठ नको, झगा नको, डोक्यावरचं वस्त्र नको. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घ्यायची, पण राहायचं चारचौघींसारखं, साध्या कपड्यांत.

आपल्याकडे धर्मभगिनी म्हटलं की निळ्या काठाची पांढरी साडी डोळ्यांपुढे येते. ती साडीही कुष्ठरोगाशी बांधलेली आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. मदर तेरेसांच्या भगिनींच्या साड्या कोलकात्याजवळ टिटागढला विणल्या जातात आणि विणणारी माणसं म्हणजे हा रोग झालेली आणि त्यातून बरी झालेली मंडळी. फाऊंना ओळखपत्रासारखी अशी साडी नव्हती. त्या सलवार-कमीज घालून डोक्यावर दुपट्टा घ्यायच्या. सरहद्दीकडच्या खेड्यात शिरताना याचा किती उपयोग झाला असेल याचा विचार करावा. दूरच्या डोंगरात परदेशी धर्मवस्त्रातली बाई आणि त्याच डोंगरात दुपट्टा घेतलेली डॉक्टरीणबाई, यांच्यासाठी दारं सारखी उघडत नाहीत.

त्यांना खरं तर पाकिस्तानात राहायचंच नव्हतं. संघाने त्यांना दक्षिण भारतात धाडलं होतं. वाटेत कराचीला उतरल्या आणि व्हिसाचं घोडं अडलं. साल १९६०. त्यांच्याच संघातल्या बेरेनीस वार्गास या मेक्सिकन फार्मासिस्टने तिथे आधीच एक छोटा दवाखाना चालवला होता, मॅक्लिऑड रोडच्या मागे, रेल्वे स्टेशनजवळच्या कुष्ठरोग्यांच्या झोपडपट्टीत. आज त्या रस्त्याला आय. आय. चुंद्रीगर रोड म्हणतात, बँकांचा रस्ता आहे तो. वस्तीत गटारं उघडी होती. तिथे एक पठाण तरुण, साधारण त्यांच्याच वयाचा, चिखलातून हातापायांवर रांगत दवाखान्यात आला. हादरवणारी गोष्ट अशी, की तो हे अगदी रोजचं असल्यासारखं करत होता. फाऊंनी पुढे अनेकदा या प्रसंगाची आठवण सांगितली. भारताचा व्हिसा मग मागे पडला.

पण लगेच जखमा धुवायला बसल्या असं झालं नाही. या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हा, की पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, त्या शिकायला गेल्या. भारतातच, वेल्लोरला. डॉक्टरीची पदवी हातात होती, पण जर्मनीत कुष्ठरोग पाहायला मिळत नव्हता. वेल्लोर त्या वेळी या विषयाची पंढरी होती. पॉल ब्रँड नावाचे शल्यविशारद तिथे होते आणि बोटं 'झडतात' ही हजारो वर्षांची समजूत त्यांनी मोडून काढली होती. बोटं झडत नाहीत. जंतू मज्जातंतूत शिरतो, नस सुजते आणि तिच्या टापूतली संवेदना जाते. मग माणूस चुलीवरचं भांडं उघड्या हातांनी उतरवतो, कुलूप उघडलं नाही तर किल्ली हाडाशी भिडेपर्यंत पिळतो, चपलेत खिळा वर आला तरी दिवसभर चालतो. जखम होते, चिघळते, हाडात पू होतो, हाडाचे तुकडे निघतात किंवा हाड आतल्या आत विरतं, आणि बोट आखूड होत जातं. रात्री झोपेत उंदीर बोटं कुरतडून जात तरी रोग्यांना जाग येत नसे. वेल्लोरला त्यावर मांजरी पाळण्याचा उपाय निघाला. औषधांच्या यादीत न मावणारा, पण अगदी बरोबर उपाय.

जंतूचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. नॉर्वेच्या हान्सेनने तो १८७३ मध्ये पाहिला, पण प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजही वाढवता येत नाही. एका जंतूचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. क्षयाच्या जंतूला एक दिवसही पुरे होतो. या संथपणामुळे लागण झाल्यापासून पहिला चट्टा उठेपर्यंत तीन ते पाच वर्षं सहज जातात, कधी वीसही. त्याला गारवा आवडतो, तीस अंशांच्या आसपासचा. म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, गाल, कोपर आणि घोट्याजवळच्या वरवरच्या नसा ही त्याची घरं. शंभरातल्या पंचाण्णव माणसांना तो काही करू शकत नाही. इतक्या दुबळ्या जंतूने माणसाला गावाबाहेर काढण्याइतकी दहशत कमवावी, ही कमाल त्याची नाही, आपली आहे.

मराठीत या रोगाला महारोग म्हणत, रक्तपिती म्हणत. १९३६ पर्यंत कराची आणि मुंबई एकाच इलाख्यात होत्या, त्यामुळे १८९८ चा 'लेपर्स ॲक्ट' दोघींनाही सारखाच ठाऊक. रोगी रस्त्यावर भीक मागताना दिसला की पकडून आश्रमात डांबायचा, असा तो कायदा. वडाळ्याचं अॅक्वर्थ रुग्णालय त्याच्याही आधीचं, १८९० चं. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अॅक्वर्थ यांच्या नावाचं. मराठी पोवाडे गोळा करणारे अॅक्वर्थ ते हेच. कराचीकडे मंघोपीरला पिराची दर्गा, मगरींचं तळं आणि गंधकाचे गरम झरे. कातडीचे रोग बरे होतात म्हणून कुष्ठरोगी तिथे जमत. एका शहराने भिंत बांधली, दुसऱ्याने पिराच्या पायाशी सोडून दिलं. दोन्हीकडे गृहीत एकच होतं, की या माणसाचं आता घरी काही काम नाही.

याला पहिला पद्धतशीर छेद आपल्या वर्ध्यातून मिळाला, हे सांगायला हवं. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने १९५१ नंतर जी रीत घालून दिली तिला 'सेट' म्हणतात: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. रोग्याने दवाखान्यात येण्याची वाट बघायची नाही. घरोघर जायचं, सगळ्यांना तपासायचं, समजावायचं आणि गोळी घरच्या जवळ पोचवायची. माणूस घरीच राहतो, शेतीही करतो. फाऊंनी पुढे पाकिस्तानात जे केलं ते याच विचारातलं. वेल्लोरहून परतल्यावर दवाखाना झोपडीतून बाहेर काढला. एप्रिल १९६३ मध्ये कराचीच्या सदर भागात जागा घेतली आणि 'मारी अॅडलेड लेप्रसी सेंटर' रीतसर उभं राहिलं. नाव संघाच्या त्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या संस्थापिकेचं, मारी आदेलाइद यांचं. त्यांच्याबरोबर डॉ. झरीना फझलभॉय या पाकिस्तानी त्वचारोगतज्ज्ञ होत्या. पैसा बराचसा जर्मनीतून, व्युर्झबुर्गच्या कुष्ठरोग निवारण संस्थेकडून येई.

पैसा आला, इमारत आली, रोगी येऊ लागले. पण कराचीत येणारे रोगी बलुचिस्तानातून, बाल्टिस्तानातून, सरहद्द प्रांतातून, काश्मीरच्या डोंगरातून आलेले. त्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन परत पाठवलं तर सोळाव्या दिवशी काय? तेव्हा डॅप्सोन हे एकच औषध होतं. स्वस्त, गोळी रोज एक, पण अनेकांना आयुष्यभर. वर्षं उलटतात, चट्टा फिका पडतो, माणसाला वाटतं झालं. गोळी सुटते. अर्धवट घेतलेल्या गोळीतून जंतू निर्ढावतो. १९६४ मध्ये मलायातल्या सुंगाई बुलोहच्या केंद्रात हे सिद्धही झालं, की डॅप्सोनला दाद न देणारे जंतू तयार होत आहेत. म्हणजे औषध न पोचण्यापेक्षा अर्धवट पोचणं जास्त वाईट.

इथे डॉक्टर वाढवून भागत नाही. १९६५ पासून या केंद्राने लेप्रसी टेक्निशियन तयार करायला सुरुवात केली. आपल्याकडे ज्यांना अवैद्यकीय सहायक किंवा कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणतात, तसलीच माणसं. शक्यतो ज्या डोंगरातला रोगी त्याच डोंगरातला मुलगा, बोली येणारा, कुणाच्या घरी चहा घेतला तर कुणाला राग येतो हे ठाऊक असलेला. तो चट्टा तपासतो, नसा चाचपतो, स्मिअर म्हणजे जंतू शोधायला कातडीतला रस घेतो, गोळ्या देतो, जखम बांधतो, चपलेचं माप घेतो. स्त्रियांसाठी स्त्री कार्यकर्ती लागतेच. पडद्यातल्या बाईची पाठ पुरुषाने तपासायची म्हटलं तर ती तपासली जाणार नाही, आणि दहा वर्षांनी तिचा वाकडा हातच दिसेल.

स्मिअरचंच बघा. कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत घट्ट दाबायची, पांढरी पडेपर्यंत. ब्लेडने पाच मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर खोल चीर. दाब सोडायचा नाही, कारण सोडला की रक्त आलंच, आणि रक्त मिसळलं की स्लाइड बिघडली. ब्लेड काटकोनात फिरवून चिरेच्या भिंतीवरचा रस खरवडायचा आणि काचेवर शर्टाच्या गुंडीएवढ्या वर्तुळात पसरायचा. वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, रंगवायचा. सूक्ष्मदर्शकात लाल काड्या मोजून शून्य ते सहा असा आकडा टाकायचा. हे काम दहावी झालेला मुलगा उत्तम करू शकतो. फक्त त्याच्या दहातल्या एका स्लाइडवर कुणीतरी पुन्हा नजर टाकायला हवी, आणि त्याला ते माहीत असायला हवं.

१९६८ मध्ये सरकारला बरोबर घेऊन राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९७९ मध्ये त्या केंद्र सरकारच्या कुष्ठरोग सल्लागार झाल्या. दरम्यान जीप, खेचर आणि पाय यांवर त्यांनी देश पालथा घातला. घरच्यांनी वर्षानुवर्षं गोठ्यात, गुहेत ठेवलेली मुलं त्यांना सापडली. अशा घराला दोष देणं सोपं असतं. पण त्या बापाचं गणित असं असतं: एका पोराचा रोग बाहेर कळला तर चार पोरींची लग्नं अडतात. त्याच्यापुढे भाषण करून उपयोग नाही. औषध सुरू झाल्यावर हे पोर घरात ठेवलं तरी कुणाला काही होत नाही, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. १९८० च्या दशकात, युद्ध चालू असताना, त्या सीमा ओलांडून अफगाणिस्तानच्या मध्य भागातही जात राहिल्या.

मग गोळी बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली. आपण तिला एमडीटी म्हणतो. मोठ्या माणसाला महिन्यातून एकदा, कार्यकर्त्यासमोर गिळायची: रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम आणि क्लोफाझिमिन ३००. मग रोज घरी: क्लोफाझिमिन ५० आणि डॅप्सोन १००. पहिल्या मासिक मात्रेतच बहुतेक सगळे जंतू मरतात आणि माणूस इतरांना रोग देईनासा होतो. हे अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटात येतं. जास्त जंतू असलेल्यांना लाल पाकीट, कमी असलेल्यांना पूर्वी हिरवं मिळे, त्यात क्लोफाझिमिन नसे. लाल बारा पाकिटं, फार तर अठरा महिन्यांत संपवायची. हिरवी सहा असत, नऊ महिन्यांत संपवायची. १९९५ पासून ही औषधं जगभर फुकट मिळतात.

फुकट मिळतात, तरी माणसं सोडतात. का सोडतात ते माहीत असेल तर आधीच सांगून ठेवता येतं. रिफाम्पिसिन घेतलं की त्या दिवशी लघवी लालसर होते. न सांगितलेल्या माणसाला वाटतं रक्त जातंय. क्लोफाझिमिनने कातडी काळसर-तपकिरी होते, चट्टे तर जास्तच, आणि गोऱ्या कातडीवर हे दुरून दिसतं. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग परत येतो, पण ज्या तरुणीचं लग्न ठरतंय तिला ते काही महिने परवडत नाहीत. डॅप्सोनने रक्त कमी होतं. क्वचित तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ येते. तेव्हा मात्र 'चालू ठेवा' म्हणणारा कार्यकर्ता माणूस मारतो. डॅप्सोन तत्काळ बंद.

सर्वांत फसवी असते ती रिअॅक्शन. औषध नीट चालू असतं, जंतू मरत असतात, आणि शरीर त्या मेलेल्या जंतूंवर तुटून पडतं. शांत चट्टे लालबुंद होऊन फुगतात, कोपराजवळची नस दोरखंडासारखी जाड होते, दुखते, कधी दुखतही नाही आणि करंगळी गुपचूप वाकायला लागते. रोगी म्हणतो, "गोळ्यांनी वाढलं." शेजारी म्हणतात, "बघ, सांगितलं नव्हतं?" तो पाकीट फेकून देतो. वास्तविक एमडीटी चालूच ठेवायची असते आणि जोडीला सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन द्यायचं असतं, ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही महिन्यांत हळूहळू उतरवत. नस बधिर होऊन सहा महिन्यांच्या आत हे सुरू झालं तर हात बराचसा परत मिळतो. त्यानंतर आशा थोडी. म्हणून दर महिन्याला गोळी देताना पाच गोष्टी करून घ्यायच्या: डोळे घट्ट मिट, करंगळी बाहेर काढ, अंगठा वर कर, मनगट वर उचल, पाऊल वर उचल. आणि तळहाता-तळपायावर बॉलपेनचं टोक, कातडीला किंचित खळगा पडेल इतकंच टेकवून. दोन मिनिटांचं काम. रजिस्टरमध्ये गेल्या महिन्याचा आकडा शेजारी असेल तरच त्या दोन मिनिटांना अर्थ. आणि तोच रकाना बहुतेकदा कोरा सापडतो.

रोग बरा झाला तरी गेलेली संवेदना परत येतेच असं नाही, आणि खरी सेवा तिथून सुरू होते. बधिर पावलाला रोज पाणी लागतं. बादलीत साधं पाणी घेऊन वीस मिनिटं पाय बुडवून बसायचं. गरम पाणी नाही, कारण ते भाजतंय हे पावलाला कळणार नाही. मग जाड झालेली कातडी वजरीने घासायची. पाय पुसायचा नाही, ओल्यावरच तेल चोळायचं, म्हणजे पाणी आत कोंडून राहतं. घाम आणणारी नस मेलेली असते, त्यामुळे कातडी उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळते, आणि प्रत्येक भेग म्हणजे जखमेचं दार. तळव्याला भोक पडलंच तर सर्वांत चांगलं औषध विश्रांती. पाय टेकवला नाही तर साधी जखम सहाएक आठवड्यांत भरते. पण हमाली करणाऱ्याला सहा आठवडे पाय टेकवू नको म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणणं. म्हणून प्लास्टर घालतात. त्याचा एक फायदा असा, की ते त्याला स्वतःहून काढता येत नाही.

आणि चप्पल. आत मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ थर, सगळे त्याला एमसीआर म्हणतात, खाली काटा आरपार न जाणारा कडक तळ, मागे पट्टा. पट्टा हवाच, कारण बधिर पाय चपलेतून कधी निसटला हे माणसाला कळत नाही. खिळा एकही नाही, सगळं शिवून आणि चिकटवून. कारखान्यात घाईने एखादा खिळा ठोकला गेला तर ती चप्पल नसलेलीच बरी. रबर दाबून बघायचं: अंगठ्याने निम्मं दबलं पाहिजे आणि सोडल्यावर वर आलं पाहिजे. तळाला लागून सपाट झालं की चप्पल बदलायची. इतकं सगळं बरोबर जमलं तरी ती चप्पल घराच्या कोपऱ्यात पडून राहते. कारण वर्षानुवर्षं ती एकाच काळ्या नमुन्यात बनली आणि अख्ख्या बाजाराला कळायला लागलं, की ही कुणाची चप्पल. पाय वाचवणारी वस्तू माणसाचं नाव फोडते. आता रंग आणि पट्टे बदलून बाजारातल्या चपलांसारख्या करतात. हे सुचायला फार उशीर झाला.

डोळ्यांबद्दल एवढंच, की पापणी मिटत नसेल तर माणूस उघड्या डोळ्याने झोपतो, आणि बुबुळ बधिर असल्याने कचरा गेलेला कळत नाही. हात बधिर, पाय बधिर आणि वर दृष्टी गेली, की स्वतःला सांभाळायचा शेवटचा मार्गही गेला. फाऊंच्या केंद्राने पुढे क्षयरोग आणि अंधत्व प्रतिबंध हेही काम हाती घेतलं.

१९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाकिस्तानात कुष्ठरोग नियंत्रणात आल्याचं जाहीर केलं, आशियात फार लवकर. फाऊंच्या निधनाच्या वेळी वर्तमानपत्रांनी आकडे छापले होते: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १९,३९८ रोगी, २०१६ मध्ये ५३१. उतार खराच मोठा आहे. पण या शास्त्रातला एक बारकावा सांगितल्याशिवाय असे आकडे पुढे करू नयेत. 'निर्मूलन' म्हणजे दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी माणूस उपचारावर असणं. हा आकडा रोग कमी झाल्याने घटतो, तसा उपचाराची मुदत कमी केल्यानेही घटतो. लाल पाकिटाची मुदत चोवीस महिन्यांवरून बारावर आली तेव्हा गावात एकही रोगी कमी न होता रजिस्टर मात्र हलकं झालं. भारताने २००५ च्या डिसेंबरात हा टप्पा गाठला आणि आजही इथे दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रोगी सापडतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे विचारा. निर्मूलनाची घोषणा झाली, की पहिली गदा चट्टा ओळखणाऱ्या माणसांच्या पदांवर येते. फाऊंनी केंद्रं बंद केली नाहीत, त्यांना क्षय आणि डोळ्यांचं काम जोडून दिलं. चट्टा बघणारी नजर त्यामुळे कामात राहिली. हा मला त्यांचा सर्वांत हुशार निर्णय वाटतो, आणि मानपत्रांत सहसा असलं काही लिहीत नाहीत.

मानपत्रं पुष्कळ मिळाली. हिलाल-ए-इम्तियाझ, हिलाल-ए-पाकिस्तान, २००२ चा मॅगसेसे. १९८८ मध्ये त्यांना पाकिस्तानचं नागरिकत्व मिळालं. १० ऑगस्ट २०१७ रोजी कराचीत त्या गेल्या. १९ ऑगस्टला सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमधून पाकिस्तानच्या झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी लष्करी इतमामात निघाली आणि गोरा कबरस्तानात त्यांना पुरलं. कराचीच्या सिव्हिल हॉस्पिटलला आता त्यांचं नाव आहे.

भारतात तो १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघायला २०१९ उजाडलं. आणि आता नवी रीत आली आहे: रोगी सापडला की त्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनची एकच मात्रा द्यायची, पंधरा वर्षांवरील माणसाला ६०० मिलिग्रॅम. त्याने पुढची दोन वर्षं त्यांच्यातला रोग निम्म्याहून कमी होतो. आधी प्रत्येकाला तपासायचं, क्षय नाही याची खात्री करायची, मग समोर गिळायला लावायची. अडचण औषधाची नाही. शेजाऱ्याला गोळी द्यायला गेलं की तो विचारतो, "आम्हालाच का?" उत्तर दिलं तर रोग्याचं नाव फुटतं, नाही दिलं तर गोळी घेतली जात नाही. ज्यांना हे काम कळतं ते कार्यकर्ते मग रोग्याच्या घरापासून सुरुवात करत नाहीत. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बसतात आणि वीस-पंचवीस घरं रांगेने घेतात. रोग्याचं घर त्यात कुठेतरी अकरावं-बारावं येतं, आणि त्या दारातही ते तेवढाच वेळ थांबतात, जेवढा बाकीच्या दारांत.